अष्टमकर सरांचं टिंब

अष्टमकर सरांनी पहिल्या दिवशी मला माझं नाव तीनदा विचारलं. एकदा सकाळी हजेरी लावताना, एकदा डब्याचं झाकण उघडताना आणि एकदा संध्याकाळी पेणच्या एसटी स्टँडवर. तिसऱ्या वेळी मी जरा तोऱ्यातच म्हटलं, "सकाळपासून तेच आहे सर. मनीषा."

"असू दे. माणूस सकाळी एक सांगतो, संध्याकाळी दुसरं. तुझं एकच निघालं, बरं हाय."

म्हातारा सटकलेला दिसतोय, असं मनाशी म्हणून मी रोह्याच्या गाडीत चढले. तर तेही त्याच गाडीत. ते अष्टमी गावात राहायचे, मी नदीच्या अलीकडे रोह्यात. म्हणजे आठ तास खोलीत आणि वर जाता-येता रस्ताभर हाच माणूस. माझ्या कपाळीच लिहिलेलं होतं.

आमची खोली हॉस्पिटलच्या ओपीडीच्या मागे. डॉक्टर फायलीत जो आजार लिहितात, त्याला जगभर ठरलेला एक कोड असतो, आधी अक्षर आणि पुढे आकडे. तो शोधून लावायचा, पेशंटच्या आजाराचा सारांश टाइप करायचा, आणि तो कागद पुढे विम्याच्या नाहीतर कंपनीच्या माणसांकडे जायचा. मी बीएस्सी करून पनवेलला कोडिंगचा कोर्स केला तेव्हा काचेची इमारत आणि अमेरिकेतल्या फायली डोळ्यांसमोर होत्या. मिळाली ही खोली. वर पंखा, मागे रॅक आणि समोर शमुवेल अष्टमकर.

बारीक अंग, पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि खिशाच्या बटणाला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. पेन्सिल का बांधली, तर लोक नेतात. छत्री बारा महिने जवळ, कारण आकाशाचा भरवसा नाही. चहा आला की ग्लास उजेडाकडे धरून आधी तळ बघायचे. कुलूप लावलं की तीनदा ओढायचे, चार पावलं जायचे आणि परत येऊन चौथ्यांदा ओढायचे. फाइल ते शेवटच्या पानापासून वाचायचे. का, म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "पुढनं वाचलं की लिहिणाऱ्यावर विश्वास बसत जातो. मागनं वाचलं की बसत नाय."

मी टाइप केलेल्या प्रत्येक ओळीशेजारी, मूळ कागदाशी ताडून झाल्यावर, ते पेन्सिलीने एक बारीक टिंब द्यायचे. टिंब नाही म्हणजे ओळ खरी नाही. सुरुवातीला माझ्या एका पानाला त्यांना अर्धा तास लागायचा आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. रिसेप्शनवरची वैशाली त्यांना फौजदार म्हणायची. मीही म्हणू लागले.

डोकेदुखीच्या फायलींवर त्यांचा विशेष राग. "नुसती डोकेदुखी, कारण ठाऊक नाही," यालाही एक कोड आहे, आर-एक्कावन्न. सर त्याला धर्मशाळा म्हणायचे. "डॉक्टरला घाई असली की पेशंट धर्मशाळेत. कोडवाल्याला कंटाळा आला की पेशंट धर्मशाळेत. अगो, पण धर्मशाळेत राहणाऱ्याला कोणी घर हाय म्हणतं का?" खरंच होतं ते. आर-एक्कावन्न लिहिलेल्या कागदाला कोणी दाद देत नाही. डोकं तर सगळ्यांचंच दुखतं, असं म्हणून बाजूला टाकतात.

शनिवारी ते कामावर येत नसत. ते कोकणातले ज्यू; शनिवारी पेन्सिल धरायची नाही, हा त्यांच्या घरचा नेम. शुक्रवारी दुपारनंतर त्यांची घालमेल सुरू व्हायची, कारण दिवस मावळायच्या आत अष्टमीला पोचून दिवा लागला पाहिजे. बायको गेली होती, मुलगी लग्न होऊन इस्रायलला होती, आळीतली त्यांची बाकीची घरंही एकेक करून तिकडेच गेलेली. दिवा लावणारे हे एकटे. त्या बदल्यात रविवारी ते हॉस्पिटलात यायचे, आणि एकटेच खोली उघडून बसायचे.

या रविवारांवर आमचा सगळ्यांचा डोळा. वैशालीने एकदा त्यांना खिडकीतून बघितलं, तर आमच्या आठवड्याच्या फायली पसरलेल्या आणि ते एका निळ्या वहीत काहीतरी लिहीत होते. "तुझ्या चुकांची यादी चाललीय," ती मला म्हणाली. "वर्ष संपलं की साहेबांच्या टेबलावर." ती वही ते कुलपात ठेवायचे. एकदा त्यांनी घरून मलिदा करून आणला, गोड पोहे, खोबरं, वर केळ्याचे काप, आणि पहिला द्रोण माझ्या हातात ठेवला. तोंडात घास होता तरी माझ्या मनात एकच, हे गोड कशासाठी आहे?

अशा खोलीच्या खिडकीशी एका गुरुवारी सुगंधा आली.

सुगंधा म्हात्रे, गडबच्या पुढच्या, खाडीकाठच्या खारेपाटातल्या एका गावची. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत पॅकिंगला होती, कायम नोकरीत. घरात कमावणारी ती एकटी. आठ महिने तिचं अर्धं डोकं दुखत होतं. अर्धं म्हणजे अगदी मधोमध रेघ मारावी तसं. दुखणं कमी-जास्त व्हायचं, पण थांबायचं म्हणून नाही. वाढलं की त्या बाजूचा डोळा लाल होऊन गळायचा आणि पापणी खाली यायची. गडबच्या डॉक्टरांनी मायग्रेनच्या गोळ्या दिल्या, चष्मा झाला, दाताचं झालं, अंगारा झाला. रजा संपल्या, मग बिनपगारी झाल्या. आता कंपनीने पत्र दिलं होतं, की आजार कोणता ते हॉस्पिटलच्या कागदावर आणा, नाहीतर विनापरवाना गैरहजर धरून कामावरून कमी करू.

सरांनी तिला खिडकीशी उभी करून विचारलं, "कुठं दुखतं?"

तिने तळवा डाव्या कपाळावर ठेवला. सरांनी पाणी दिलं, पत्ता विचारला, गावाला गाडी कधी असते ते विचारलं, आणि पुन्हा, "कुठं म्हणालीस?" तळवा डावीकडे. आधार कार्डाची झेरॉक्स परत देताना, ती पिशवीत काहीतरी शोधत असताना, तिसऱ्यांदा. आता मात्र बाई भडकली.

"तुमी डाक्टर हाव का पोलीस? माजा कपाल दुकतंय, ता काय मी भाड्यानं आणलाय?"

"डाक्टर नाय, पोलीस पण नाय," सर शांतपणे म्हणाले. "कागदवाला हाय. बस."

ती गेल्यावर मी म्हटलं, "सर, बनाव वाटतो. इकडे दुखतंय म्हणते आणि भांडायला जोर आहे." हे मीच म्हटलं होतं. नंतर किती वेळा वाटलं की ते वाक्य गिळून टाकता आलं असतं तर बरं झालं असतं.

मेंदूचे डॉक्टर दर गुरुवारी पनवेलहून यायचे. माणूस हुशार, पण हाताने भराभर लिहिणार, आणि शब्द लिहायचा कंटाळा आला की चित्र काढणार. त्यांना एका वेगळ्याच आजाराची शंका आली. त्यांनी इंडोमेथासिन नावाची साधी, जुनी गोळी सुरू केली. हा आजार दुर्मीळ, आणि त्याची खूण अशी, की दुखणं एकाच बाजूला राहतं, बाजू बदलत नाही, आणि या एका गोळीने पुरतं थांबतं. दुसऱ्या गुरुवारी सुगंधा आली ती दोन्ही डोळे सारखे उघडून. आठ महिन्यांत पहिल्यांदा वेणी घट्ट घालता आली, म्हणाली. डॉक्टरांनी फायलीत आजाराचं नाव लिहिलं, हेमिक्रेनिया कंटिन्युआ. धर्मशाळेतून उठून बाई जी-चव्वेचाळीसच्या पोटातल्या एका लहानशा, स्वतःच्या खोलीत आली. तो कोड मी आयुष्यात पहिल्यांदाच लावत होते. शुक्रवारी दुपारी मी सारांश टाइप केला, सरांनी टिंबं दिली, पुढच्या गुरुवारी डॉक्टरांनी उभ्याउभ्या सही केली, आणि कागद कंपनीला गेला.

महिन्याभराने एका शुक्रवारी सुगंधा पुन्हा खिडकीशी. या वेळी भांडली नाही. कंपनीचं पत्र तिने नुसतं पुढे सरकवलं.

पत्रात लिहिलं होतं, की गडबच्या डॉक्टरांच्या सगळ्या चिठ्ठ्यांवर डावी बाजू आहे, तुमच्या सारांशात उजवी. या आजारात बाजू बदलत नाही, असं त्याच सारांशात म्हटलेलं आहे. तेव्हा कारण खोटं दाखवलं असं का समजू नये? पुढच्या शुक्रवारी दुपारी चौकशीला हजर राहून खुलासा करावा. नाहीतर नोकरी संपली.

"मी कदी उजवा बोलली?" सुगंधा एवढंच म्हणाली.

मी सरांकडे बघून भुवई उडवली. पकडली गेली, असं मला सुचवायचं होतं. सरांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्यांनी पत्राची झेरॉक्स काढून घेतली, फाइल आपल्या खणात ठेवली, कुलूप तीनदा ओढलं आणि दिवस मावळायच्या आत घरी गेले.

रविवार झाला. सोमवारी मी आले तर टेबलावर एक कोरा कागद.

"माझं तोंड काढ," सर म्हणाले.

"काय?"

"तोंड. गोल, दोन डोळे, नाक. चित्रकला नाय बघत तुझी."

मी काढलं. हसू येत होतं.

"आता माझ्या डाव्या डोळ्यावर फुली मार."

मी मारली. सरांनी हात वर केला आणि आपल्या डाव्या डोळ्यावर ठेवला. मी समोर बसले होते. त्यांचा हात माझ्या उजव्या बाजूला होता आणि माझी फुली कागदाच्या डाव्या बाजूला. मग त्यांनी सुगंधाची फाइल उघडली. डॉक्टरांनी बाजू शब्दांत लिहिलीच नव्हती. एक गोल, दोन डोळे, नाक, आणि कागदाच्या उजवीकडच्या अर्ध्या भागावर पेनाने तिरक्या रेघा. समोर बसलेल्या माणसाचं तोंड होतं ते. मी कागदाची उजवी ती बाईची उजवी धरली होती.

एका बाईची नोकरी मी एका शब्दाने घालवायला निघाले होते आणि वर तिलाच खोटारडी म्हणत होते.

"डावी कुणाची, कागदाची का माणसाची? हे विचारायला पायजे होतं," सर म्हणाले. "बाईला मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा हात डावीकडेच गेला. तिसऱ्या वेळी तर तिचं लक्ष पण नव्हतं. खोटं बोलणारा एकदा तरी चुकतो. मग चुकलं कोण? कागद."

"पण सर, तुम्ही टिंब..." माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी सारांशाची आमची प्रत पुढे केली. उजवी या शब्दाशेजारी त्यांचं बारीक टिंब होतं.

"शुक्रवार होता. दिवस कलला होता. आणि तुझं होतं म्हणून चित्र उघडून बघितलं नाय."

इतकंच. ना आवाज चढला, ना चेहरा बदलला. तीन वर्षं ज्या भरवशासाठी मी आतल्या आत चडफडत होते, तो त्यांनी मला कधीच देऊन टाकला होता, न सांगता, आणि मी त्याचं हे केलं होतं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

परत आले तर निळी वही टेबलावर उघडी होती, कदाचित मुद्दाम. मी वाचली. रकाने आखलेले होते, चूक काय, कशी झाली, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं. कुणी केली हा रकानाच नव्हता. वर्षानुवर्षांची पानं चाळली, एकही नाव नाही. ताज्या ओळीत सुगंधाची चूक होती, आणि तिसऱ्या रकान्यात, चित्र असेल तर बाजू डॉक्टरांकडून शब्दांत लिहून घेणे.

गुरुवारी डॉक्टर आले. त्यांनी कपाळावर हात मारला, पण लगेच तोडगाही काढला. "नवीन प्रिंट काढा, डावी करा, जुनीच तारीख टाका, मी सही करतो. एका शब्दाचा काय बाऊ?"

मनातून मला हेच हवं होतं. चूक पुसली जाणार, माझं नाव कुठेच येणार नाही.

"तसं नाय करायचं, डॉक्टर," सर म्हणाले. "जुना कागद त्यांच्या हातात हाय. नवा त्याच तारखेचा दिला तर म्हणतील, बाई सांगते तसं हे लिहून देतात. मग तिचा खरा आजार पण खोटा."

"तुम्हाला सगळीकडे संशयच दिसतो हो."

"मला नाय दिसत. त्यांना दिसेल."

शेवटी झालं ते सरांच्या पद्धतीनेच. जुन्या शब्दावर एकच सरळ रेघ, खालचं अक्षर वाचता येईल अशी. शेजारी दुरुस्ती, आजची तारीख, डॉक्टरांची सही. सोबत एक पत्र, की चित्रावरून बाजू टाइप करताना आमच्या विभागाकडून चूक झाली, तपासतानाही ती निसटली. खाली तपासणारा म्हणून शमुवेल अष्टमकर. टाइप करणाऱ्याचं नाव त्यांनी लिहिलं नाही. मी म्हटलं, "सर, माझं पण घाला." ते म्हणाले, "शेवटचं टिंब माझं हाय."

शुक्रवारी मी रजा टाकून त्यांच्याबरोबर गेले. कंपनीच्या गेटवरच्या वहीत त्यांनी वेळ लिहिली, आणि वॉचमनने लिहिलेली ताडून बघितली. आम्हाला बाकावर बसवून ठेवलं. दोन वाजले, तीन वाजले, चार. सुगंधा पदराचं टोक बोटाला गुंडाळून सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. सर खिडकीतून उतरणाऱ्या उन्हाकडे बघत होते. मला माहीत होतं त्यांच्या मनात काय चाललंय. "तुम्ही निघा सर, मी आहे," मी म्हटलं.

"तू काय सांगणार त्यांना?"

"माझी चूक आहे म्हणून सांगीन."

त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं, तसं ते फायलीकडे बघायचे. पण उठले नाहीत. तेवढ्यात त्या दोघांना आत बोलावलं. मी बाहेरच राहिले.

आत काय झालं ते मला सुगंधाने नंतर सांगितलं. साहेब म्हणाला, आता डावी लिहून आणली, उद्या आणखी काही आणाल. सरांनी वाद घातला नाही. कोरा कागद पुढे ठेवला, बटणाची पेन्सिल सोडून त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "साहेब, माझं तोंड काढा. आता माझ्या डाव्या डोळ्यावर फुली मारा."

"सायबानं पन भलत्याच डोल्यावर मारली गो," सुगंधा म्हणाली, आणि हसता हसता तिचे दोन्ही डोळे गळायला लागले, दोन्ही सारखे. कागद ठेवून घेतले गेले. सोमवारपासून कामावर या, असं तोंडी सांगितलं होतं. सरांनी ते तोंडी घेतलं नाही, लिहून घेतलं.

गेटबाहेर आल्यावर ती सरांना म्हणाली, "तुमी माज्यावर लय शंका घेतली होती."

"तुझ्यावर घेतली म्हणून कागदावर पण घेता आली," सर म्हणाले, आणि रिक्षात बसून अष्टमीकडे गेले. ऊन पार झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं.

पुढे सुगंधा गोळ्या घ्यायला यायची तेव्हा वालाच्या शेंगा घेऊन यायची, सरांना एक पिशवी, मला एक पिशवी. पहिल्यांदा मी घेतली आणि दिवसभर त्या शेंगांकडे मला बघवेना. संध्याकाळी तिच्या गावच्या गाडीच्या वेळेला तिला स्टँडवर गाठलं आणि सांगून टाकलं, की उजवी मी टाइप केली होती, आणि तुला खोटारडीही म्हटलं होतं.

"मंग शेंगा परत दे," ती म्हणाली.

मी खरंच पिशवी पुढे केली. तिने ती घेतली, ओंजळभर शेंगा स्वतःच्या पिशवीत काढल्या आणि बाकीच्या मला परत दिल्या. तेवढीच शिक्षा.

सर निवृत्त झाले. निळी वही माझ्याकडे आली, चावीसकट, आणि चावी देताना त्यांनी ती मोजून दिली, एक. मुलगी तिकडे बोलावत होती. ते म्हणायचे, "विमानाचा पायलट कोण असतो ते आधी सांगत नाहीत." गेले नाहीत. अष्टमीच्या त्या आळीत शुक्रवारचा तो एक दिवा चालू राहिला.

यंदा पावसाळा सरला तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना आमच्याकडे आणलं. अर्धांगाचा झटका. जीव वाचला, पण एक बाजू लुळी पडली. डिस्चार्जच्या दिवशी त्यांच्या सारांशाचं काम माझ्याकडे आलं. मी तो चारदा ताडला. मग व्हीलचेअर खिडकीशी आणवली. तोंड एका बाजूला ओढलेलं, सदरा पूर्ण बाह्यांचा, बटणाला दोरा, दोऱ्याला पेन्सिल.

"सर, तुमचा कागद आहे. मी केलाय."

त्यांनी कागदाकडे नाही, माझ्याकडे बघितलं. चालत्या हाताने पेन्सिल उचलली आणि न वाचताच ती पहिल्या ओळीशी नेली.

मी कागद मागे ओढला. "आधी वाचा."

"तुझा हाय ना," ते म्हणाले. शब्द जड येत होते.

"म्हणूनच वाचा."

अर्ध्या तोंडाने ते हसले. मग मी कागदाची शेवटची ओळ त्यांच्यासमोर धरली, तिथून वर वर. ते वाचत गेले, एकेक टिंब देत गेले. एका शब्दापाशी पेन्सिल थांबली.

"डावी," त्यांनी वाचलं. "कुणाची?"

मी खिडकीतून हात घातला आणि त्यांच्या मांडीवर पडलेला निर्जीव हात माझ्या हातात घेतला.

"तुमची, सर."

त्यांनी खाली त्या हाताकडे बघितलं, मग कागदाकडे, मग पुन्हा हाताकडे, आणि टिंब दिलं.